चंपाचा गणपती, त्याच्या हातातला मुळा आणि काही प्रश्न

अवंती_क

व्हिएतनाममधल्या दा नांगला चाम शिल्पांचं (चाम म्हणजे तिकडच्या जुन्या चंपा राज्यातले लोक) म्युझियम आहे, तिथे एक गणपती बघितला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. 'मी सन' नावाच्या जुन्या मंदिरसमूहातल्या ई ५ (ई गट, क्रमांक ५) मंदिरातली मूर्ती, सातव्या-आठव्या शतकातली. उभा आहे, दोन्ही पाय घट्ट रोवून, पोट बेताचं, सापाचं जानवं, आणि सोंड थेट डाव्या हातातल्या वाटीत. इथपर्यंत ठीक, आपलाच बाप्पा. पण वर्णनात लिहिलंय की मूळ मूर्तीला चार हात होते, एकात जपमाळ आणि एकात चक्क पाल्यासकट मुळा!! मुळा कुठून आला?

दुसरं म्हणजे, ही शिल्पं भारतातून गेलेल्या मूर्तिकारांनी घडवली का तिकडच्याच लोकांनी? आमच्या ग्रुपमधले एक काका प्रत्येक मूर्तीपुढे "हे सगळं आपलंच" म्हणत फिरत होते आणि गाइड मुलगी नुसती हसत होती. मला काही ते पटेना, पण समोर शंकर, नंदी, स्कंद, सरस्वती दिसत असताना नाही तरी कसं म्हणायचं. जाणकारांनी लिहा.

टवाळ

मुळा उपवासाला चालतो का हा खरा प्रश्न आहे.

मनीमाऊ

फोटो? फोटोशिवाय धागा म्हणजे फाउल.

इतिहासाचा विद्यार्थी

मुळ्याचं उत्तर सोपं आहे आणि ते व्हिएतनाममध्ये नाही, आपल्याकडेच आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमालक्षणाच्या अध्यायात गणपतीचं वर्णन येतं, त्यात तो कुऱ्हाड आणि मूलककंद, म्हणजे मुळा, धरलेला सांगितलाय. (काही अभ्यासक हा श्लोक मागाहून घुसवलेला मानतात, पण तो वाद बाजूला ठेवू.) भारतातल्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा दिसतो. आपल्या घरात येणारा पाश-अंकुश-मोदकवाला गणपती पुढे रूढ झाला आणि मुळा मागे पडला. म्हणजे तुम्हाला जो परका वाटला तो खरं तर जुना आहे, समुद्रापलीकडे टिकून राहिलेला.

दुसऱ्या प्रश्नावर सावकाश लिहितो, ऑफिसात आहे.

रोखठोक

दुसऱ्या प्रश्नात सावकाश लिहिण्यासारखं काय आहे? राजांची नावं बघा. भद्रवर्मन, शंभुवर्मन, इंद्रवर्मन, हरिवर्मन. राजधान्या सिंहपुर, इंद्रपुर, विजय. शिलालेख संस्कृतात. देव आपले. इतिहासकार आर. सी. मजुमदारांनी १९२७ साली चंपावर आख्खं पुस्तक लिहिलं, ग्रंथमालेचं नावच 'प्राचीन भारतीय वसाहती' असं होतं. अजून काय पुरावा पाहिजे? आपल्या लोकांना आपलं मोठेपण मान्य करताना पोटात दुखतं एवढंच.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलो. 🍿

हो ची मिन्हकर

रोखठोक, मी कित्येक वर्षं इकडे नोकरीला आहे आणि कामानिमित्त फान रांगला जाणं होतं. तिथे आजही चाम लोक राहतात, हाडामांसाचे, फेसबुक वापरणारे. त्यांची भाषा मलय आणि सुमात्रातल्या आचेच्या भाषेच्या नात्यातली, भारतीय भाषांशी घराणं जुळत नाही. ते दर्यावर्दी लोक. शब्द संस्कृतातून भरपूर घेतले पण माणसं काही गंगेकाठून बोटीत बसून आलेली नाहीत. आणि वसाहत म्हणायची तर इथे कुठल्या भारतीय राजाचा सुभेदार होता? कोणाला खंडणी जायची? चाम राजे इथलेच, त्यांनी देव निवडले, नावं निवडली, भाषा निवडली. व्यापारी आणि ब्राह्मण येत जात होते हे मान्यच आहे.

चामांपैकी एक गट स्वतःला 'बालामोन' म्हणवतो, म्हणजे ब्राह्मण शब्दावरूनच, ते गोमांस खात नाहीत. दुसरा 'बानी', त्यांच्यात इस्लाम मिसळलाय, ते डुक्कर खात नाहीत. दोघे शेजारी शेजारी राहतात. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला बालामोन लोकांचा काते नावाचा सण असतो, पो क्लाँग गराईच्या देवळावर. डोंगरातले राग्लाई लोक राजाची वस्त्रं जपून ठेवतात, ती वाजतगाजत खाली आणतात, मग पुजारी मुखलिंगाला आंघोळ घालून ती वस्त्रं नेसवतात. मुखलिंग म्हणजे लिंगावर कोरलेला चेहरा, आणि तो चेहरा शंकराचा म्हणा नाहीतर पो क्लाँग गराई राजाचा म्हणा, तिथल्या बायाबापड्यांना तो राजाच. हे सगळं आजही चालू आहे. म्युझियम बघून 'लुप्त संस्कृती' वगैरे लिहिणाऱ्यांना एकदा काते दाखवला पाहिजे.

सुलेखामावशी

@हो ची मिन्हकर, फार छान माहिती दिलीत हो. देवाला न्हाऊमाखू घालून पोशाख करायचा हे वाचून एकदम आपल्या देवळातच गेल्यासारखं वाटलं. प्रसाद काय असतो तिथे?

हो ची मिन्हकर

मावशी, फळं, भात, विड्याची पानं, अंडी, बोकड आणि दारूपण 😀 आपल्या शंकराला चालणार नाही म्हणू नका, आपल्याही कितीतरी देवांना बोकड चालतो.

रोखठोक

बोकडाने मुद्दा बदलत नाही.

कोकणकडा

मला शिवलिंगांबद्दल विचारायचंय. २०२० साली लॉकडाऊनमध्ये बातमी आली होती ना, मी सनला अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं म्हणून? व्हॉट्सअ‍ॅपवर तर 'व्हिएतनाममध्ये हजारो वर्षांपूर्वीचं चमत्कारी' वगैरे फिरत होतं.

इतिहासाचा विद्यार्थी

हो, चमत्कारी सोडून बाकी खरं. आपलं पुरातत्त्व खातं, म्हणजे एएसआय, मी सनच्या अ, ह आणि क गटांच्या मंदिरांची डागडुजी करत होतं. मे २०२० मध्ये काम चालू असताना वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग मिळालं, नवव्या शतकातलं. परराष्ट्रमंत्र्यांनी ट्वीट केल्यामुळे बातमी सगळीकडे गेली.

मी सनचा पहिला देव मात्र त्याच्याही खूप आधीचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने तिथे लिंग स्थापन केलं आणि नाव दिलं भद्रेश्वर. राजाचं नाव अधिक ईश्वर, ही तिकडची पद्धतच. पुढे ते लाकडी देऊळ जळलं, सातव्या शतकात शंभुवर्मनाने पुन्हा बांधलं आणि देव झाला शंभुभद्रेश्वर. आधीच्या राजाचं नाव खोडलं नाही, आपलं पुढे जोडलं.

टवाळ

आमच्या वॉर्डात बाकड्यांवर 'यांच्या सौजन्याने' लिहितात त्याची मूळ परंपरा सापडली. फक्त इथे नवीन नगरसेवक आधीच्याचं नाव खरवडून टाकतो, तेवढा चंपाचा मोठेपणा मानला पाहिजे.

प्राची_ह

😂😂

कोश या प्रकाराबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? चाम राजे लिंगावर चढवायला सोन्याचांदीचे कोश करून द्यायचे, त्यावर शंकराचा चेहरा. शके ६०९, म्हणजे इ.स. ६८७ ला विक्रांतवर्मनाने ईशानेश्वराला कोश आणि भद्रेश्वराला मुकुट दिल्याचा लेखच आहे. त्र्यंबकेश्वरला सोमवारी सोन्याचा पंचमुखी मुकुट बघितलेल्या माणसाला यात काही समजावून सांगायला नको, गावोगावच्या पिंडीवर चांदीचा मुखवटा असतोच की. दगडाच्या लिंगाला चेहरा देण्याची ओढ दोन्हीकडे सारखी. फरक एवढाच की तिकडचे कोश बहुतेक लुटले गेले, वितळवले गेले. दगड उरला.

आणि हो, तारखा शकात! इंग्रजी पुस्तकात इ.स. करून देतात म्हणून लक्षात येत नाही, पण चंपाच्या लेखांमध्ये शालिवाहन शकच वापरलाय. आपल्या पंचांगावर छापलेला.

सुलेखामावशी

अगंबाई! शके म्हणजे आपलं तेच?

प्राची_ह

हो मावशी तेच, ७८ मिळवले की इसवी सन.

रोखठोक

आता सांगा, शक कुठून गेला? 😎

इतिहासाचा विद्यार्थी

अहो भारतातूनच गेला, ते कोण नाकारतंय? आज जपानमध्ये इसवी सन वापरतात म्हणून जपान रोमची वसाहत होत नाही, एवढंच म्हणणं आहे.

दगडफोड्या

इतके प्रतिसाद आले आणि शिल्पांबद्दल, म्हणजे दगडाबद्दल, कोणी बोललंच नाही. मी स्वतः पाथरवटाच्या घरातला, मूर्तीकाम करतो, त्यामुळे मला लेखापेक्षा छिन्नीची खूण जास्त वाचता येते. म्युझियममध्ये मी फक्त चेहरे आणि कडा बघत फिरलो.

मी सन ई १ चा चौथरा घ्या, सातवं शतक. त्यावर मोठं लिंग होतं. पण कारागिराचा जीव लागलाय तो बाजूंच्या पट्टीत. तिथे देव नाहीतच, साधू आहेत. कोणी बासरी वाजवतोय, कोणी तंतुवाद्य, कोणी शिष्याला शिकवतोय, एकजण दुसऱ्याचं अंग चेपून देतोय, आजूबाजूला झाडं आणि जनावरं. पायरीच्या दर्शनी भागावर उपरणी घेऊन नाचणारे. कैलासावरचं जीवन म्हणतात, पण मला तर तो दरीतला मी सनच वाटला, रोज डोळ्यांनी पाहिलेला. असला निवांतपणा नमुन्याच्या वहीतून उतरवता येत नाही.

मग डोंग दुआंगकडे या, नववं शतक अखेर. तिथे इंद्रवर्मन दुसऱ्याने ८७५ ला बौद्ध विहार बांधला. चेहरे एकदम बदलतात. जाड ओठ, रुंद नाक, भुवया एकमेकींना जोडलेल्या आणि लाटेसारख्या, भरघोस मिशा. बघून दचकायला होतं. शंकर असो नाहीतर द्वारपाल, सगळे याच तोंडवळ्याचे. भारतात असा चेहरा मी कुठे बघितला नाही. पुढे दहाव्या शतकात त्रा किएउची शैली येते आणि तोच दगड मऊ होतो, त्या नाचणाऱ्या अप्सरा बघा, कंबर, मनगट, बोटं, अंगावर फक्त मण्यांच्या सरी. दोन-तीनशे वर्षांत इतकं वळण, आणि मग बाराव्या-तेराव्या शतकात बिन्ह दिन्हकडे थाप मामचे ते बटबटीत डोळ्यांचे गरुड, साप खाणारे, आणि गजसिंह, म्हणजे डोकं हत्तीचं आणि धड सिंहाचं. अंगभर नक्षी, इंचभर जागा मोकळी सोडलेली नाही.

आता अवंतीताईंचा प्रश्न. बाहेरून मूर्तिकार आले असते तर त्यांनी आपली शैली आणली असती आणि ती तशीच राहिली असती किंवा हळूहळू बिघडली असती. इथे बिघडत नाहीये, दर पिढीला नवीन काहीतरी करून बघतायत. हे घरचेच कारागीर. देव कसा असतो, त्याच्या हातात काय असतं, वाहन कुठलं, हे त्यांना ब्राह्मणांकडून, पोथ्यांतून, येणाऱ्याजाणाऱ्या छोट्या मूर्तींवरून कळलं असणार, बाकी दगड त्यांचा आणि हात त्यांचा.

अवंती_क

दगडफोड्या, दंडवत. त्या अंग चेपणाऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आता फोटो झूम करून बघतेय.

कोकणकडा

दगडफोड्या, आपल्या काळ्या दगडापेक्षा तो वालुकाश्म कोरायला सोपा ना?

दगडफोड्या

सोपा आहे तसा. आपला बेसाल्ट टणक, वेरूळ-घारापुरीच्या लोकांनी त्यात जे केलंय ते वेड्यांचं काम. वालुकाश्मात छिन्नी बऱ्यापैकी चालते, बारीक काम होतं, पण पाऊस आणि शेवाळ त्याला खातं. मी सनला उघड्यावर राहिलेल्या मूर्तींची नाकं-डोळे विरघळलेत. म्युझियममधल्या त्यामानाने ताज्या.

इतिहासाचा विद्यार्थी

दगडफोड्यांनी माझं अर्धं काम केलं. त्यात थोडी भर घालतो, कारण देव तिकडे गेल्यावर कसे बदलले हे फक्त चेहऱ्यात नाही तर गोष्टीतही दिसतं.

ई १ मंदिराच्याच दर्शनी पट्टीवर शेषशायी विष्णू आहे. शेषावर पहुडलेला, नाभीतून कमळ, कमळात ब्रह्मदेव. ओळखायला काहीच अडचण नाही. पण दोन्ही टोकांना पक्ष्याचे पाय असलेल्या दोन आकृत्या हातात साप धरून उभ्या आहेत. आपल्या नेहमीच्या शेषशायीत लक्ष्मी पाय चेपत असते, मधु-कैटभ असतात, असे दोघे काही नसतात.

दुसरं, त्रा किएउच्या चौथऱ्यावरची पट्टी. त्यात एकजण धनुष्य मोडतो आणि पुढे लग्नाचं वातावरण. एका मताप्रमाणे हे सीतास्वयंवर, राम जनकाच्या दरबारात. दुसरं मत असं की हा कृष्ण, मथुरेत कंसाचं धनुष्य मोडतानाचा, म्हणजे भागवतातली गोष्ट. दोन्ही मतांच्या बाजूने मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय. धनुष्य दोघांनीही मोडलंय ही गंमत.

आणि याच त्रा किएउला सातव्या शतकातल्या प्रकाशधर्म राजाचा लेख आहे, वाल्मीकीच्या पूजास्थानाबद्दलचा! शोकातून श्लोक जन्मल्याचा उल्लेखही त्यात आहे. रामाचं सोडा, रामाची गोष्ट लिहिणाऱ्याची पूजा. कवीला देवळात बसवणारा राजा म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

मनीमाऊ

वाल्मीकीचं देऊळ! हे भारी आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

टवाळ

साहित्य संमेलनाध्यक्षांपर्यंत ही बातमी जाऊ देऊ नका.

चिंचवडची चिमणी

आम्ही न्या ट्रांगला पो नगरला गेलो होतो. टेकडीवर लाल विटांचे मनोरे, आत देवी. पुजाऱ्याला विचारलं तर म्हणाला थिएन या ना. आणि बाहेर बोर्डावर भगवती लिहिलेलं. देवीला झगझगीत वस्त्रं, नुसता चेहरा दिसत होता, उदबत्त्यांचा हा धूर. मुलगा म्हणाला आई हिला दहा हात आहेत म्हणतात, मला काही दिसले नाहीत. नक्की कोणती देवी?

प्राची_ह

चिमणी, दोन्ही बरोबर. मूळ चाम लोकांची यांग पो नगर, भूमीची आई. तिलाच संस्कृत लेखांमध्ये भगवती म्हटलंय. पुढे व्हिएतनामी लोक दक्षिणेकडे सरकत आले, त्यांनी देऊळ मोडलं नाही, देवीच आपली केली, थिएन या ना नावाने. तिसऱ्या चांद्रमहिन्यात मोठी जत्रा भरते. आतली मूर्ती खरंच दहा हातांची, १०५० सालची, जय परमेश्वरवर्मनाने बसवलेली.

पण या जागेची त्याआधीची कहाणी ऐक. ७७४ साली समुद्रातून लुटारू आले, देऊळ जाळलं, मुखलिंग पळवलं. लेखात त्यांचं वर्णन असं की काळे, क्रूर, आणि प्रेतापेक्षा भयंकर अन्न खाणारे. ७८४ ला सत्यवर्मनाने नवीन मुखलिंग बसवलं. आणि वर जुन्या देवाचा मोठेपणा सांगताना लिहिलंय की विचित्रसगर नावाच्या राजाने ते द्वापारयुगाच्या ५९११ व्या वर्षी स्थापलं होतं!

मग ९१८ ला भगवतीची सोन्याची मूर्ती केली. ती ख्मेरांनी, म्हणजे कंबोडियावाल्यांनी (लेखातले कंबुज), पळवली. ९६५ ला जय इंद्रवर्मनाने दगडाची बसवली आणि लेखात कोरून ठेवलं की लोभी कंबुजांनी सोन्याची मूर्ती नेली आणि ते मेले.

रिकामटेकडा

'नेली आणि ते मेले'. इतका कोरडा शाप मी आजवर वाचला नव्हता.

सुलेखामावशी

देवीचं सोनं पचत नाही कोणाला. आमच्याकडेही असंच झालं होतं एका घरात, सांगेन कधीतरी.

टवाळ

मावशी आत्ताच सांगा ना, धागा तसाही शंभरी गाठणार आहे.

रोखठोक

चोरीचा विषय निघालाच आहे तर फ्रेंचांबद्दल पण बोला. अर्धा चंपा पॅरिसच्या म्युझियममध्ये आहे. आणि अमेरिकनांनी बॉम्ब टाकले त्याचं काय?

इतिहासाचा विद्यार्थी

हे मात्र खरं, यावर आपलं एकमत. मी सनला ऑगस्ट १९६९ मध्ये बी-५२ विमानांनी बॉम्बफेक केली, त्यात अ १ चा मनोरा गेला, चाम वास्तुकलेतला सगळ्यात देखणा मानला जायचा तो. पॅरिसच्या गिमे म्युझियमचे फिलिप स्टर्न, ज्यांनी चाम शैलींची कालक्रमाने मांडणी केली, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पत्र लिहून उरलेलं वाचवायची विनंती केली होती. युद्धानंतर दरीभर सुरुंग. त्यात उतरून काम केलं काझिमिएर्झ क्विआत्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने, व्हिएतनामी लोक त्यांना काझिक म्हणतात. १९९७ ला ह्यूमध्ये वारले, होई आनमध्ये त्यांचा पुतळा आहे. १९९९ मध्ये मी सन युनेस्कोच्या यादीत आलं.

फ्रेंचांचं प्रकरण सरळ नाही. अँरी पारमाँतिए या फ्रेंच अभ्यासकाने एकेक देऊळ मोजून नकाशे काढले म्हणून अ १ कसं होतं हे आज कागदावर तरी कळतं. दा नांगचं म्युझियम १९१९ ला सुरू झालं तेही त्याच्याच खटपटीमुळे. आणि त्याच काळात मूर्तींची डोकी युरोपला गेली हेही खरंच.

कोकणकडा

एक बोट पण बुडाली होती ना मूर्ती घेऊन जाताना?

इतिहासाचा विद्यार्थी

हो हो! १८७७ ची गोष्ट. मोरिस नावाच्या फ्रेंच डॉक्टरने बिन्ह दिन्हकडून चाम शिल्पं गोळा करून फ्रान्सला पाठवली, त्यातला एक भाग ज्या बोटीवर होता ती सोमालियाच्या टोकाजवळ फुटली. शिल्पं तळाशी. शंभराहून जास्त वर्षांनी, १९९५ मध्ये, पाणबुड्यांनी ती वर काढली. बिन्ह दिन्हच्या टेकडीवरून निघालेला देव आफ्रिकेच्या समुद्रात शतकभर राहून वर येतो.

रिकामटेकडा

विसर्जन केलं असं समजायचं.

टवाळ

'पुढच्या वर्षी लवकर या' कोणी म्हटलंच नाही म्हणून ११८ वर्षं लागली.

दगडफोड्या

😄 जाता जाता अजून एक, कारण शेवटच्या काळाबद्दल कोणी लिहीत नाही. १४७१ ला चंपाची राजधानी 'विजय' पडली, चाम लोक दक्षिणेला आणि डोंगराकडे सरकले. त्या काळातला यांग मुमचा शंकर बघा. मुकुट मोठा, चेहरा नीट घडवलेला, पण कमरेखाली मूर्ती दगडात परत जाते. पाय जवळजवळ नाहीतच. पुढे सतराव्या शतकातला पो रोमे, तो तर राजाच, शिळेतून नुसता वरचा भाग बाहेर आलेला. कलेचे अभ्यासक याला ऱ्हास म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोठमोठी देवळं बांधायला राज्य उरलं नव्हतं, पैसा नव्हता, मग माणसाने पूजेला लागतो तेवढा देव घडवला: चेहरा, मुकुट, हात. खंडोबा-म्हसोबाच्या टाकांवर किंवा शेंदूर फासलेल्या तांदळ्यावर कोणी ऱ्हास झाला म्हणून निबंध लिहितं का? पायांसाठी कोणी नवस बोलत नाही.

हो ची मिन्हकर

वा! आणि पो रोमेची पूजा अजून चालू आहे, त्यामुळे ऱ्हास म्हणायचा हक्क अभ्यासकांपेक्षा पुजाऱ्यांचा.

रोखठोक

दगडफोड्यांचं पटलं. वसाहत हा शब्द मी मागे घेत नाही, पण 'घरचेच कारागीर' हे मान्य. घरच्या कारागिरांनी आपले देव घडवले. आता तरी खूश?

इतिहासाचा विद्यार्थी

'आपले' म्हणजे त्यांचे आपले का आपले आपले? 😀

रोखठोक

दोघांचे. पुढे चला.

अवंती_क

काकांना हेच पाठवते. त्यांच्याकडून 'बघ मी म्हणत होतो ना' असं उत्तर येणार हे माहीत असूनही.

पुन्हा जायचं झालं तर दा नांग-मी सन झालंय, आता काय बघू? नवरा बीचवर बसायला तयार आहे, त्याची काळजी नाही.

प्राची_ह

क्वी न्योनला जा, तिथून बान्ह इतचे मनोरे जवळ आणि बीचही आहे. थाप मामची शिल्पं त्याच भागातली. आणि हनोईला जाणार असाल तर राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात दोन गोष्टी. एक म्हणजे वो कान्हचा शिलालेख, आग्नेय आशियातल्या सगळ्यात जुन्या संस्कृत लेखांपैकी. दुसरी, काशाची चार हातांची दुर्गा, जवळजवळ दोन मीटर उंच, सातव्या शतकातली मानतात. मी सन भागातून २००८ च्या सुमाराला चोरून बाहेर विकली गेली होती, डग्लस लॅचफर्ड नावाच्या बदनाम संग्राहकाकडे सापडली, २०२४ ला व्हिएतनामला परत आली.

सुलेखामावशी

बघा! म्हटलं होतं ना, देवीचं पचत नाही.

चिंचवडची चिमणी

मावशी 🙏😂

मला एक सांगा, त्या मनोऱ्यांच्या विटांमध्ये चुना-सिमेंट काहीच दिसत नाही. गाइड म्हणाला कसल्याशा झाडाचा डिंक लावलाय. खरं का?

दगडफोड्या

दाऊ राई नावाचं झाड आहे, त्याची राळ. इटलीच्या लोकांनी ग गटाची डागडुजी केली तेव्हा तीच वापरली. पण मूळ कारागिरांनी नेमकं काय केलं यावर भांडणं आहेत, कोणी म्हणतं विटा एकमेकींवर घासून बसवल्या, कोणी म्हणतं विटांच्याच भुकटीचा लेप, कोणी तर आख्खं देऊळ रचून मग भाजलं असंही म्हणून गेलंय. नक्षी मात्र भिंत उभी राहिल्यावर कोरलीये, हे सांधे बघितले की कळतं, फुलाची पाकळी एका विटेवरून दुसरीवर बिनधास्त जाते.

रोखठोक

रचून मग भाजलं? शक्य नाही. माझ्या मामांची वीटभट्टी होती, एवढ्या जाड भिंतीत आच आतपर्यंत जाणारच नाही, मधल्या विटा कच्च्या राहतील.

इतिहासाचा विद्यार्थी

रोखठोक, हे तुम्ही पहिल्यांदाच आमच्या बाजूने बोलताय.

मनीमाऊ

विटांसाठी वेगळा धागा काढा लोकहो, इथे आता स्क्रोल करून बोट दुखायला लागलं. आणि फोटो अजून आलेच नाहीत!!

रोखठोक

काढतो. शीर्षक सुचवा.